जुने डॉस खेळ मुके कां होतात?



गेल्या सत्रांत एके दिवशीं मधल्या सुट्टींत नववीच्या वर्गांतील दोन विद्यार्थी मजकडे आले. त्यांपैकीं एकाच्या काकांनीं आपल्या तरुणपणच्या संगणकांतील कांहीं खेळ जपून ठेविले होते. त्यांतील मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ या मुलांनीं डॉसबॉक्स नांवाच्या प्रोग्रामच्या साह्यानें शाळेंतील संगणकावर चालविला होता.

"सर, खेळ सुरू होतो," एक जण म्हणाला, "संगीतही छान वाजतें. पण मोटार सुरू केली कीं इंजिन एकदांच घुर्र करतें आणि मग सारें गप्प."

दुसरा म्हणाला, "फाइल खराब झाली असणार, सर. आम्ही तो खेळ काढून टाकणार आहोंत."

"थांबा," मीं म्हटलें, "काढूं नका. तुम्हीं आतां जें सांगितलें त्यांतच दुखण्याचें निदान आहे."

त्यानंतर खेळ दुरुस्त होण्यास पांच मिनिटेंही लागलीं नाहींत. तें निदान कसें केलें, हें समजावून सांगावें म्हणून हा लेख लिहीत आहें. यांत माझाही कांहीं स्वार्थ आहे. माझ्या बालपणीं हेंच निदान मला करितां न आल्यामुळें माझ्या वडिलांना जो भुर्दंड सोसावा लागला, तो मी अद्याप विसरलों नाहीं. ती हकीकत लेखाच्या शेवटीं सांगेन.

खेळ आपणांस प्रश्न कां विचारितो?

डॉस ही संगणकाची व्यवस्था पाहणारी आज्ञाप्रणाली १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीच्या वैयक्तिक संगणकाबरोबर प्रचारांत आली. त्या संगणकांत आवाजासाठीं एक लहानसा स्पीकर तेवढा होता. बहुतेक खेळ त्यावर एका वेळीं एकच सूर काढीत. पालकांपैकीं ज्यांनीं आपल्या शाळेंतील संगणकावर डेव्हचा खेळ खेळला असेल, त्यांना ती पीं-पीं खचित आठवेल.

पुढें १९८७ सालीं कॅनडांतील क्वेबेक येथील ॲडलिब कंपनीनें संगणकाच्या खांचेंत बसविण्याजोगें एक संगीत-कार्ड विक्रीस आणिलें. त्यावर यामाहा कंपनीची वायएम ३८१२ या नांवाची चिप होती व ती एकाच वेळीं नऊ स्वर काढूं शके. त्यानंतर १९८९ सालीं सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनें साउंड ब्लास्टर हें कार्ड काढिलें. या कंपनीचे संस्थापक सिम वाँग हू यांची यांतील दूरदृष्टि पाहण्यासारखी आहे. त्यांनीं आपल्या कार्डावर तीच यामाहाची चिप ठेविली, म्हणजे ॲडलिबसाठीं लिहिलेले सर्व खेळ त्यावरही वाजत. आणि शिवाय मनुष्याचें बोलणें, इंजिनाची घरघर, दाराचा करकर आवाज असे ध्वनिमुद्रित केलेले खरे आवाज काढण्याची सोय त्यांत केली. १९९१ सालीं साउंड ब्लास्टर प्रो व १९९२ सालीं साउंड ब्लास्टर १६ हीं पुढचीं कार्डें निघालीं, आणि इतर कंपन्याही 'साउंड ब्लास्टरप्रमाणें चालणारीं' म्हणून आपलीं कार्डें विकूं लागल्या.

आतां एक मुद्दा नीट ध्यानांत घ्यावा. फाइली उघडणें, लिहिणें, पुसणें या कामीं डॉस खेळाला मदत करी. परंतु आवाजाच्या कामीं तें कसलीही मदत करीत नसे. कोणतें कार्ड आहे, तें कोठें बसविलें आहे व त्याच्याशीं कसें बोलावें, हें सर्व खेळ लिहिणाऱ्यालाच पाहावें लागे. १९९५ सालीं विंडोज ९५ आल्यावर हें ओझें हळूहळू आज्ञाप्रणालीनें आपल्या शिरावर घेतलें. पण त्यापूर्वींच्या खेळांना तें भाग्य लाभलें नव्हतें. म्हणूनच अशा खेळांबरोबर बहुधा 'सेटअप' नांवाचा एक निराळा प्रोग्राम असतो, आणि तो आपणांस कार्डाचें नांव व कांहीं संख्या विचारितो. या संख्यांचा अर्थ न समजतां उत्तरें दिलीं कीं खेळ मुका झालाच म्हणून समजावें.

पत्ता, घंटा आणि पाणक्या

या संख्या मुख्यतः तीन आहेत. त्या समजण्यासाठीं जुन्या काळच्या वसतिगृहाचा दाखला घेऊं. नळ येण्यापूर्वीं वसतिगृहाच्या हौदांत पाणक्या विहिरीचें पाणी आणून ओती. हौद कोणत्या आवारांत आहे हें त्याला सांगावें लागे. पाणी कोणत्या वाटेनें न्यावयाचें तें ठरलेलें असे. आणि हौद रिकामा झाला म्हणजे कोणी तरी घंटा वाजवून व्यवस्थापकांना कळवी. साउंड कार्डाचा व्यवहार अगदीं असाच आहे.

पहिली संख्या पत्त्याची होय. तिला पोर्ट म्हणतात. साउंड ब्लास्टरचा रूढ पत्ता २२० हा आहे. ही संख्या नेहमींच्या दशमान पद्धतीची नसून षोडशमान पद्धतीची आहे. अर्थात् तिची किंमत दोन गुणिले २५६ अधिक दोन गुणिले १६, म्हणजे ५४४ इतकी होते. खेळ सुरू होतांच या पत्त्याच्या आधारानें हांक मारितो. कार्ड तेथें असेल तर तें १७० ही ठराविक संख्या उत्तर म्हणून देतें. उत्तर न आल्यास या घरांत कोणी राहत नाहीं असें खेळ समजतो.

दुसरी संख्या घंटेची. तिला इंटरप्ट अथवा आय. आर. क्यू. म्हणतात. आरंभींच्या संगणकांत ० ते ७ अशा आठ घंटा होत्या; १९८४ सालच्या नमुन्यापासून त्या सोळा झाल्या. शून्य क्रमांकाची घंटा घड्याळाची, एक क्रमांकाची कीबोर्डची, सहा क्रमांकाची फ्लॉपीची, सात क्रमांकाची पहिल्या प्रिंटरसाठीं राखलेली, अशी वांटणी असे. साउंड कार्डाला बहुधा पांच किंवा सात क्रमांकाची घंटा देत.

तिसरी संख्या पाणक्याच्या वाटेची. तिला डी. एम. ए. म्हणतात. १९९३ सालच्या डूम या प्रसिद्ध खेळांतील बहुतेक आवाज सेकंदाला ११,०२५ नमुने या वेगानें मुद्रित केलेले आहेत. एवढे नमुने एकामागून एक उचलून कार्डाला देत बसल्यास प्रोसेसरला दुसरें काम सुचणार नाहीं. म्हणून संगणकांत डी. एम. ए. नांवाचा स्वतंत्र पाणक्या ठेविलेला असतो. प्रोसेसर त्याला एकदां सांगतो, "स्मृतींतील अमुक ठिकाणापासून इतके नमुने पहिल्या वाटेनें नेऊन दे," आणि आपल्या कामाला लागतो. साउंड ब्लास्टरची रूढ वाट १ ही आहे. साउंड ब्लास्टर १६ ला अधिक बारीक, म्हणजे सोळा बिटांच्या, आवाजासाठीं आणखी एक वाट लागते; ती बहुधा ५ असते.

आतां तिन्ही गोष्टी एकत्र कशा चालतात तें पाहा. खेळ पत्त्यावर आज्ञा देतो. पाणक्या आवाजाचा पहिला तुकडा कार्डाकडे वाहूं लागतो. तुकडा संपतांच कार्ड घंटा वाजवितें. घंटा ऐकून खेळ पुढील तुकडा तयार करून देतो. हा क्रम अखंड चालला तरच आपणांस इंजिनाची अखंड घरघर ऐकूं येते.

संगीताची तऱ्हा मात्र निराळी आहे. यामाहाच्या चिपला कोणीही ध्वनीचे नमुने नेऊन देत नाहीं. "अमुक स्वर अमुक जोरानें धर," एवढी आज्ञा तिला मिळाली कीं स्वर ती स्वतःच निर्माण करिते. तिला न घंटा लागते, न पाणक्या. केवळ ३८८ हा ॲडलिबचा पत्ता ठाऊक असला म्हणजे पुरे, आणि तो पत्ता सर्वत्र एकच असे. म्हणूनच इतर सर्व संख्या चुकल्या असतांही संगीत सुरेल वाजूं शकतें. हा भेद ज्याला कळला त्याला अर्धें निदान आलें.

खरी संख्या कोठें पाहावी?

डॉस असलेल्या संगणकावर ऑटोएक्झेक.बॅट नांवाच्या फाइलींत पुढील प्रकारची एक ओळ आढळते. संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांत असते:

सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ टी६

यांत 'ए' म्हणजे पत्ता, 'आय' म्हणजे घंटा, 'डी' म्हणजे पाणक्याची वाट, 'एच' म्हणजे सोळा बिटांची वाट आणि 'टी' म्हणजे कार्डाची जात. सहा ही जात साउंड ब्लास्टर १६ ची होय. नुसतें 'सेट' असें लिहून एंटर दाबल्यास ही ओळ पडद्यावर दिसते. सेटअपमध्यें विचारलेल्या संख्या या ओळीशीं जुळतात कीं नाहीं, हें प्रथम पाहावें.

परंतु येथें एक खोंच आहे. ही ओळ म्हणजे दारावर लाविलेली पाटी आहे. ती घर नव्हे. जुन्या कार्डांवर घंटेचा क्रमांक जंपर नांवाच्या लहानशा टोपणानें ठरे. टोपण ज्या दोन खुंट्यांवर बसविलें असेल तो खरा क्रमांक. पाटीवर सात लिहिलें आणि टोपण पांचावर असलें तर पाटी खोटी ठरते; आणि पाटीवर विश्वासून चालणारा खेळ फसतो. म्हणून शंका आली तर यंत्राची वीज बंद करून, तार काढून, मोठ्या माणसांच्या देखत कार्ड उघडून पाहावें व टोपण कोठें आहे तें वाचावें.

लक्षणांवरून निदान

वैद्य जसा प्रथम नाडी पाहतो, तसें आपण प्रथम ऐकावें. निरनिराळ्या चुकांचीं लक्षणें निरनिराळीं असतात.

१. कांहींच ऐकूं येत नाहीं. अशा वेळीं संख्यांकडे धांवूं नये. आधीं बाहेर पाहावें. स्पीकरला वीज आहे काय? त्याची तार योग्य भोंकांत आहे काय? कार्डाच्या पाठीमागें मायक्रोफोनचें, बाहेरून आवाज आंत घेण्याचें व आवाज बाहेर देण्याचें अशीं सारखींच भोंकें असतात, आणि चुकीच्या भोंकांत तार बसविणें हा फार सामान्य दोष आहे. कित्येक जुन्या कार्डांवर आवाज कमी-जास्त करण्याचें एक चाकही असतें. तें अगदीं खालीं आणलेलें असेल. मिक्सर नांवाच्या प्रोग्रामनेंही आवाज शून्यावर गेलेला असूं शकतो.

२. कार्ड सापडत नाहीं असा खेळाचा निरोप येतो. हा बहुधा पत्त्याचा दोष. २२० च्या ऐवजीं कार्ड २४० वर असेल. १९९५ नंतरच्या कित्येक कार्डांवर टोपणें नसतात. तीं संगणक सुरू झाल्यावर एका लहान प्रोग्रामनें 'जागीं' करावीं लागतात. तो प्रोग्राम चालला नाहीं तर डॉसमध्यें अशीं कार्डें निजलेलींच राहतात.

३. संगीत येतें, पण दुसरा ध्वनि मुळींच येत नाहीं. पत्ता बरोबर असूनही असें होत असेल तर पाणक्याची वाट तपासावी. कार्ड एका वाटेवर वाट पाहत असतें आणि पाणक्या दुसऱ्याच वाटेनें निघालेला असतो. कांहीं खेळांत संगीताचें कार्ड व ध्वनीचें कार्ड निरनिराळें निवडावें लागतें. डूमचा सेटअप असाच आहे. तेथें ध्वनीचें कार्ड निवडावयाचें राहून गेलें असल्यासही हेंच लक्षण दिसतें.

४. ध्वनीचा पहिला तुकडा वाजतो व बंद पडतो, किंवा ग्रामोफोनची सुई अडकावी तसा तोच तुकडा पुनःपुन्हां वाजत राहतो. हें घंटेच्या चुकीचें अगदीं उघड लक्षण होय. पाणक्यानें पहिली खेप घातली. कार्डानें घंटाही वाजविली. पण खेळ दुसऱ्याच घंटेकडे कान देऊन बसला आहे. त्याला घंटा ऐकूं जात नाहीं, आणि दुसरा तुकडा कधींच येत नाहीं.

५. ध्वनि येतात, पण संगीत येत नाहीं. सेटअपमध्यें संगीतासाठीं जनरल मिडी किंवा रोलंड एमटी-३२ असें निवडलें आहे काय तें पाहावें. एमटी-३२ हें १९८७ सालीं निघालेलें एक स्वतंत्र वाद्ययंत्र आहे. तें जवळ नसतां त्याचें नांव निवडलें तर संगीत कोठून येणार? अशा वेळीं ॲडलिब किंवा साउंड ब्लास्टर निवडावें. संगीत येतें पण सनईच्या जागीं ढोल असा गोंधळ होतो, तर एमटी-३२ साठीं योजिलेलें संगीत जनरल मिडीच्या यंत्राकडे जात आहे असें समजावें. दोहोंत वाद्यांचे क्रमांक निराळे आहेत.

६. फार जुना खेळ वेगवान संगणकावर ॲडलिब ओळखीत नाहीं. यामाहाची चिप मंद आहे. तिला एक आज्ञा दिल्यावर दुसरी देण्यापूर्वीं सुमारें २३ मायक्रोसेकंद थांबावें लागतें. कांहीं जुने खेळ घड्याळ न पाहतां, पोर्ट ठराविक वेळां वाचून हा काळ मोजीत. यंत्र वेगवान झाल्यावर तें मोजणें भराभर उरकूं लागलें, आणि चिप पहिली आज्ञा पचविते न पचविते तोंच दुसरी येऊन आदळूं लागली. येथें कार्ड निर्दोष असतें व संख्याही बरोबर असतात. यंत्राचा वेग कमी करणें हाच उपाय.

एका वेळीं एकच बदल

लक्षण न पाहतां संख्या बदलीत सुटणें किती व्यर्थ आहे, हें थोड्या गणितानें कळेल. साउंड ब्लास्टर १६ ला चार पत्ते, चार घंटा व आठ बिटांच्या आवाजासाठीं तीन वाटा यांतून निवड करितां येते. अंदाजानें जुळवूं गेल्यास चार गुणिले चार गुणिले तीन, म्हणजे ४८ निरनिराळ्या जुळण्या होतात. आणि त्यांतील एकच बरोबर. उलट, लक्षण पाहून आधीं पत्ता, मग वाट, मग घंटा असें एकेक निश्चित करीत गेल्यास चार अधिक चार अधिक तीन, म्हणजे फार तर अकरा प्रयत्न पुरतात. गुणाकाराच्या जागीं बेरीज येते, हाच शास्त्रीय पद्धतीचा लाभ होय.

म्हणून पुढील नियम पाळावा. जवळ वही ठेवावी. आरंभीं ज्या संख्या असतील त्या लिहून घ्याव्या. एका वेळीं एकच संख्या बदलावी, काय ऐकूं आलें तें लिहावें, आणि उपयोग न झाल्यास मूळची संख्या परत ठेवून मगच दुसरीला हात लावावा. खेळाच्या यादींत आपल्या कार्डाचें नांव नसेल तर त्याच घराण्यांतील जुनें नांव निवडावें. उदाहरणार्थ, १९९२ पूर्वींच्या खेळांत साउंड ब्लास्टर १६ चें नांव असणार नाहीं. तेथें नुसतें साउंड ब्लास्टर निवडल्यास बहुधा काम भागतें.

आजच्या संगणकावर

आज बहुतेक घरांतील संगणकांत डॉस नसतें, जुनें कार्ड बसविण्याची खांच नसते, आणि चौसष्ट बिटांचें विंडोज हे खेळ थेट चालवीतही नाहीं. म्हणून २००२ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेला डॉसबॉक्स हा प्रोग्राम वापरतात. तो मोफत मिळतो. तो संगणकाच्या आंत एक काल्पनिक जुना संगणक उभा करितो आणि त्यांत एक काल्पनिक साउंड ब्लास्टर १६ बसवितो. या काल्पनिक कार्डाचा पत्ता २२०, घंटा ७ व वाट १ असते. डॉसबॉक्सच्या मांडणीच्या फाइलींत या संख्या लिहिलेल्या असतात व त्या बदलतांही येतात.

डॉसबॉक्समध्यें आवाज येतो पण करकर होते, अशी तक्रार मुलें करितात. हा संख्यांचा दोष नव्हे. काल्पनिक संगणकाचा वेग खेळाला अपुरा पडतो, किंवा खऱ्या संगणकाला न झेपेल इतका ठेविलेला असतो, त्यामुळें आवाजाचे तुकडे वेळेवर तयार होत नाहींत. कंट्रोल व एफ ११ दाबल्यास वेग कमी होतो, कंट्रोल व एफ १२ दाबल्यास वाढतो. थोडथोडा बदल करून ऐकावें.

आतां त्या दोन विद्यार्थ्यांकडे वळूं. त्यांचें म्हणणें आठवा: संगीत वाजतें, इंजिन एकदां घुर्र करून थांबतें. पहिला तुकडा वाजला, म्हणजे पत्ता बरोबर व पाणक्याची वाटही बरोबर. दुसरा तुकडा आला नाहीं, म्हणजे घंटा चुकली. मीं त्यांना खेळाचा सेटअप उघडावयास सांगितलें. घंटेपुढें आंकडा होता पांच. काकांच्या जुन्या कार्डाची घंटा पांच होती, आणि खेळाच्या फाइलीबरोबर ती नोंदही जशीच्या तशी नव्या घरीं आली होती. डॉसबॉक्स मात्र सात क्रमांकाची घंटा वाजवीत होतें. मुलांनीं पांचाच्या जागीं सात केले, आणि इंजिन असें गर्जूं लागलें कीं शेजारच्या वर्गांतील बाई काय झालें तें पाहण्यास आल्या.

एक जुनी चूक

आतां ती हकीकत. १९९५ सालीं माझे वडील एका दवाखान्यांत कंपाउंडर होते. त्यांनीं मोठ्या काटकसरीनें एक वापरलेला संगणक घेतला होता. संध्याकाळीं ते त्यावर लोकांचीं पत्रें व अर्ज टाइप करून प्रिंटरवर छापून देत. माझ्या हट्टासाठीं त्यांनीं त्यांत एक साउंड कार्ड बसवून घेतलें. दुकानांतील माणसानें सर्व ठाकठीक करून दिलें. पुढें प्रिंटरशीं भांडण नको म्हणून त्यानेंच येऊन कार्डावरील टोपण सातावरून पांचावर हलविलें; पण ऑटोएक्झेकमधील पाटीवर सात तसेच राहिले. त्या दिवसापासून माझा खेळ एकदां घुर्र करी व गप्प होई.

मीं काय केलें? सेटअप उघडला व सांपडेल ती संख्या बदलली. घंटा पांच केली, पण त्याच वेळीं वाट एकावरून तीनावर नेली; वाट परत एक केली तों घंटा परत सात केली. कांहींच लिहून ठेविलें नाहीं. दोन दिवसांनीं मीं वडिलांना सांगितलें, "बाबा, कार्ड जळलें." दुकानदारानेंही तें कार्ड न तपासतांच मान डोलाविली. नव्या सायकलीसाठीं बाजूस काढून ठेविलेल्या पैशांतून वडिलांनीं दुसरें कार्ड घेतलें. तें सातावरच होतें, म्हणून लागलींच वाजलें, आणि माझें निदान खरें होतें अशी माझी खात्री पटली! वडील पुढें दोन वर्षें दवाखान्यांत त्याच मोडक्या सायकलीवरून जात राहिले.

२००१ सालीं महाविद्यालयांत असतां सुट्टींत घरीं आलों, तेव्हां ट्रंकेंत तें जुनें कार्ड हातीं लागलें. तोंवर मला टोपणाचा अर्थ कळूं लागला होता. टोपण पांचावर होतें. कार्ड जुन्या संगणकांत बसविलें, पाटीवर पांच लिहिले, आणि सहा वर्षें मेलेलें म्हणून पडलेलें कार्ड पहिल्या हांकेला बोललें. चोर सोडून मीं संन्याशाला फांशी दिली होती. मीं वडिलांना सर्व सांगितलें. ते हंसले व म्हणाले, "बाळा, सायकल काय, पुढें आलीच. पण न तपासतां दोष ठेवण्याची संवय वेळींच गेली तर बरें."

त्या उद्गारांत राग नव्हता. म्हणूनच ते मला जन्मभर पुरले.

शेवटचे दोन शब्द

विद्यार्थ्यांना माझें सांगणें एवढेंच कीं, मुकें झालेलें प्रत्येक यंत्र मेलेलें नसतें. बहुधा तें आपल्या परीनें घंटा वाजवीत असतें. आपणच दुसरीकडे कान देऊन बसलेले असतों. काढून टाकण्यापूर्वीं, नवें मागण्यापूर्वीं, एकदां नीट ऐका, लिहून ठेवा, एकेक गोष्ट तपासा. हे खेळ आतां जुने झाले, आणि ज्या संख्या मीं वर दिल्या त्या कदाचित् तुम्हांस पुन्हां कधीं लागणारही नाहींत. परंतु तपासण्याची ही रीत वर्गांतील प्रयोगापासून घरांतील पंपापर्यंत सर्वत्र लागू पडते.

आणि पालकांस एक विनंति. मूल जुनें कांहीं उघडून त्यांत डोकें घालून बसलें असेल, तर वेळ फुकट जातो असें समजून त्याला लगेच उठवूं नये. त्याच्या हातीं वही आहे कीं नाहीं, एवढें मात्र अवश्य पाहावें. ज्या दोन मुलांची गोष्ट मीं सांगितली त्यांनीं आतां अशी वही केली आहे. तिच्या पहिल्या पानावर मजकूर एकच आहे: "घंटा ५ होती, ७ केली. इंजिन चाललें."